‘योर’ म्हणजे ‘तुझे’ नव्हे

संपादक महोदय,
इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘डेज ऑफ योर’ (म्हणजे ‘जुन्या काळचे दिवस’) यातल्या ‘योर’ची ‘युअर’शी गल्लत होते आणि ‘तुझे दिवस’ छापून येते. उच्चार सारखा, स्पेलिंग मात्र वेगळे: वाय-ओ-आर-ई. जुन्या इंग्रजीत ‘वर्ष’ या शब्दाच्या षष्ठी बहुवचनापासून, म्हणजे ‘वर्षांचा’ या रूपापासून, हे क्रियाविशेषण झाले. आजचा ‘यिअर’ त्याचाच भाऊबंद. एके काळी ते एकटे वावरायचे, आता ‘ऑफ’चे बोट धरल्याशिवाय फारसे दिसत नाही. भाषांतरात ‘पुराणकाळी’ नको, त्याला पोथीचा वास येतो. ‘नाइट्स ऑफ योर’ म्हणजे सरळ ‘जुन्या काळचे सरदार’. बातमीत हा शब्द बहुधा थट्टेने येतो; तिथे ‘कोणे एके काळी’ चपखल.

– एक वाचक