एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) करणाऱ्या ताईंना जाहीर धन्यवाद

प्रिय ताई,

चेतातंतूतून, म्हणजे नसेतून, विजेचा संदेश कसा धावतो हे आम्ही डॉक्टर फळ्यावर शिकवतो. तो रुग्णाच्या हातात नेमका मोजता येतो तो तुमच्यामुळे. म्हणून हे आभार सगळ्यांना वाचता येतील असे लिहितो आहोत.

पहिले आभार शेकण्यासाठी. एसीत बसून गारठलेला हात तुम्ही आधी गरम करता, त्वचा ३२ अंश सेल्सियसच्या वर गेली की मगच इलेक्ट्रोड लावता. बाहेर रांग कुरकुरत असली तरी ही पायरी गाळत नाही. याचे कारण असे: विश्रांतीत चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. हा विजेचा दाब उणे ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आला की पेशीच्या आवरणातल्या सोडियमच्या वाहिन्या भराभर उघडतात, सोडियम आत घुसतो आणि दाब क्षणभर धन होतो. लगेच त्या वाहिन्या बंद पडतात, पोटॅशियम बाहेर जातो आणि दाब पूर्ववत होतो. गार नसेत या वाहिन्या उशिरा उघडतात आणि जास्त वेळ उघड्या राहतात. त्यामुळे तापमान उतरले की दर अंशामागे संदेशाचा वेग साधारण दीड ते अडीच मीटर प्रति सेकंद कमी होतो, पडद्यावर नोंदलेली लहर मात्र उंच आणि रुंद दिसते. न शेकता तपासणी केली, तर धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर नसेचा आजार चिकटतो.

कॅथोड, म्हणजे झटका देणाऱ्या उपकरणाचे ऋण टोक, नेहमी नोंद घेणाऱ्या इलेक्ट्रोडच्या बाजूला, हा तुमचा दुसरा कटाक्ष. नस कॅथोडखाली उत्तेजित होते. तो उलटा धरला तर अंतर अडीच सेंटिमीटरने वाढते. ५० मीटर प्रति सेकंद वेगाला याचा अर्थ अर्धा मिलिसेकंद उशीर. मनगटात मीडियन नस (हाताची एक मुख्य नस) दाबली गेली आहे असा खोटा निष्कर्ष निघायला तेवढा उशीर पुरतो.

नसेला विजेचा झटका किती द्यायचा, हे सगळ्यात अवघड. लहर वाढायची थांबेपर्यंत करंट चढवायचा आणि वर वीस-पंचवीस टक्के जास्त द्यायचा. कमी पडला तर काही तंतू जागेच होत नाहीत, लहर बुटकी येते आणि तंतू मेल्याचा भास होतो. फार झाला तर शेजारची अल्नर नसही उत्तेजित होते. घाबरलेल्या आजींना धीर देत हा तोल सांभाळणे आम्हाला तुमच्याइतके जमत नाही.

आणि अंतर मोजायची टेप! कोपर ते मनगट २२० मिलिमीटर, दोन्ही जागी दिलेल्या झटक्यांनंतर लहर यायला लागलेल्या वेळांतला फरक ४ मिलिसेकंद, म्हणजे ५५ मीटर प्रति सेकंद. टेप एक सेंटिमीटर चुकली की उत्तर अडीच मीटरने सरकते. दोन जागी झटका देऊन वेळा वजा करायच्या, म्हणजे नस आणि स्नायूच्या सांध्यातला विलंब आपोआप गळून पडतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० च्या सुमारास बेडकाच्या नसेवर हीच वजाबाकी वापरली होती.

हाताचे तापमान रिपोर्टवर लिहायची तुमची सवय आता आम्ही विभागात सक्तीची करतो आहोत. त्या नोंदीखाली यापुढे तुमची सही असेल.

आपले,
न्यूरॉलॉजी विभागातील डॉक्टर