डायपर उघडून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत डायपर रॅशवरचा लेख वाचला, छान होता, क्रीम कुठलं, डायपर किती वेळाने बदलायचं सगळं होतं, पण एक गोष्ट राहिली म्हणून लिहायला बसले. मुलांच्या सर्जरी वॉर्डात मी बरीच वर्षं सिस्टर होते, आता रिटायर झालेय.

शी-शूच्या जागेचं इन्फेक्शन क्वचित, म्हणजे खरंच फार क्वचित, कातडीखाली उतरतं आणि आतला थर सडवत झपाट्याने पसरतं. फोर्नियर गँगरीन म्हणतात त्याला, १८८३ मध्ये फोर्नियर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने तरुण पुरुषांच्या केसेस मांडल्या त्यावरून. आता तो मोठ्यांचा, त्यातही डायबेटिसवाल्यांचा आजार समजतात, त्यामुळे लहान मुलात कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि सुरुवात कशाने तर चिघळलेलं रॅश, किडा चावलेला, गुदद्वाराजवळची पुळी, कांजिण्यांचा खाजवून फुटलेला फोड. अशक्त मुलांना किंवा केमो चालू असलेल्यांना धोका जास्त, पण धडधाकट बाळालाही होतं.

आमच्याकडे एक आठ महिन्यांचं बाळ आलं होतं. ताप होता, दोनदा दाखवून झालेलं, दोन्ही वेळा सिरप लिहून दिलं आणि डायपर कुणीच काढलं नाही. आईला दिसलं होतं पण "खाली जरा लाल झालंय" एवढंच बोलली, त्या जागेचं चारचौघात कसं सांगायचं म्हणून. आमच्याकडे पोचेपर्यंत मांडीपर्यंत सूज आणि मधोमध जांभळट काळा डाग.

काळं पडेपर्यंत थांबायचंच नसतं हो. आधी वरून दिसतं थोडंसं आणि दुखतं मात्र भयंकर, पुसायला हात लावला की बाळ किंचाळतं, पाय फाकवू देत नाही, लाली तासातासाला सरकते, मग ते मलूल पडतं. लालीची कड पेनाने आखायची ती डॉक्टरांना दाखवायला, घरी बसून बघत राहायला नाही.

नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, कारण तिथल्या रक्तवाहिन्याच बंद पडलेल्या असतात, औषध पोचणार कुठून? सडलेलं लगेच कापून काढावं लागतं, एक-दोन दिवसांत परत उघडून बघावं लागतं, कधी जखम घाण होऊ नये म्हणून शीची वाट काही दिवस पोटावरून काढतात. त्या बाळाची दोन ऑपरेशन्स झाली, वाचलं. वृषणाची पिशवी जवळजवळ सगळी गेली होती पण आतल्या गोट्या शाबूत, त्यांचा रक्तपुरवठा वेगळा असतो ना, आणि तिथली कातडी भरूनही येते चांगली.

तेव्हा बाळाला ताप असेल तर तपासताना डायपर आपणच काढावं, डॉक्टर कितीही घाईत असले तरी. आणि लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांनी पुढच्या वेळी यावर चार ओळी लिहाव्यात, क्रीमची यादी थोडी कमी झाली तरी चालेल.

आपली,
एक रिटायर्ड सिस्टर