ते छायाचित्र नव्हे आणि ती वधू व्हिक्टोरियाही नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील पांढऱ्या वधूवेषाच्या प्रथेवरचा लेख आवडला. मात्र सोबतच्या चित्राखाली ‘व्हिक्टोरिया राणीच्या विवाहाचे दुर्मीळ छायाचित्र’ असे छापले आहे. त्या एका ओळीत दोन चुका आहेत, आणि चित्र कापताना तिसरी झाली आहे.

छापखान्यात चित्रांचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, बनवण्यात माझी उभी हयात गेली, त्यामुळे असे चित्र समोर आले की हात आपोआप भिंगाकडे जातो. आपल्या छपाईच्या ठिपक्यांआड मूळ चित्राच्या रेघा दिसतात. चेहऱ्यांवर त्या विरळ आहेत आणि झग्यांच्या घड्यांत एकमेकींना छेदत दाट झाल्या आहेत. छायाचित्राला अशा रेघा नसतात. हे पत्र्यावर कोरून, कोरलेल्या खाचांत शाई भरून छापलेले एन्ग्रेव्हिंग आहे.

व्हिक्टोरियाचा विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातील चॅपलमध्ये झाला. फोटोग्राफीचा शोध जगापुढे येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, आणि त्या समारंभाचा एकही फोटो नाही. राणीच्या लग्नाचे म्हणून जे फोटो हल्ली मोबाइलवर फिरतात, ते रॉजर फेंटन यांनी १८५४ मध्ये, म्हणजे लग्नाला चौदा वर्षे होऊन गेल्यावर काढलेले आहेत.

पुरवणीतील प्रसंग आहे तो राणीच्या थोरल्या मुलाच्या, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या लग्नाचा. १० मार्च १८६३ रोजी विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्याचे मोठे तैलचित्र काढण्याचे काम राणीने विल्यम पॉवेल फ्रिथ यांना दिले आणि ते पुरे व्हायला १८६५ साल उजाडले. फ्रिथ यांनी मानकऱ्यांना एकेक करून समोर बसवून, काहींच्या बाबतीत फोटोंचा आधार घेऊन, ती गर्दी कॅनव्हासवर जमवली. त्यावरून पुढे एन्ग्रेव्हिंग निघाले आणि प्रसंग राजवाड्याबाहेरच्या घरांत पोचला. म्हणजे आपण ज्याला छायाचित्र म्हटले, ते चित्रावरून कोरलेले चित्र आहे, आणि मूळ चित्रही एका क्षणाचे नाही.

तिसरी चूक मला सर्वांत जास्त लागली. रकान्यात बसवण्यासाठी चित्राचा वरचा भाग उडवला आहे आणि व्हिक्टोरिया आहे ती नेमकी तिथेच. पती अल्बर्ट डिसेंबर १८६१ मध्ये वारल्यापासून तिने काळी वस्त्रे सोडली नव्हती. मुलाच्या लग्नातही ती खाली पाहुण्यांत आली नाही. राजा आठव्या हेन्रीने आपली पहिली राणी कॅथरीन ऑफ अ‍ॅरॅगॉनसाठी बांधून घेतलेल्या सज्जात बसून तिने सारा सोहळा वरून पाहिला. अल्बर्टनेच रचलेली एक प्रार्थना त्या दिवशी गायली गेली आणि गाणाऱ्यांत प्रसिद्ध स्वीडिश गायिका जेनी लिंड होती. खाली पांढरे झगे, लेस, संत्र्याची फुले, तलवारी आणि मानवस्त्रे, आणि वर सुतकातली सासू, असा या चित्राचा बेत आहे. चित्राखालच्या ओळीत जिचे नाव, तिलाच आपण कात्रीने बाहेर काढले आणि तिच्या सुनेला तिचे नाव दिले. हे मुद्दाम कोणी केले नसेल, पण झाले आहे.

लेखकाला उपयोगी पडेल म्हणून आणखी एक सांगतो. पाहुण्यांत पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग होते. नवऱ्यामुलाचा चार वर्षांचा भाचा विल्हेल्म स्कॉटिश पोशाखात आला होता. त्याला आवरायला बसवलेल्या मामांच्या उघड्या पायांना तो चावला. हाच मुलगा पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीचा कैसर, म्हणजे सम्राट, होता.

येत्या रविवारी हे चित्र न कापता पुन्हा छापावे, आणि खाली ‘प्रिन्स ऑफ वेल्स व अलेक्झांड्रा यांचा विवाह, विंडसर, १८६३, फ्रिथ यांच्या तैलचित्रावरून एन्ग्रेव्हिंग’ एवढे द्यावे, ही विनंती. जागा कमी पडत असेल तर रकाना वाढवावा, सज्जाला हात लावू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ब्लॉकमेकर, पुणे