एटापल्लीहून, बाबांच्या प्रश्नाला

एटापल्ली,
10 डिसेंबर 2025

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही नक्षलवादाबद्दल विचारलंत, "मग संपलं का गं तुमच्याकडचं?" मी "हो, जवळजवळ" म्हणून विषय बदलला. आईने फोन स्पीकरवर टाकला होता आणि मागून शेजारच्या काकूंचा आवाज येत होता. असल्या गोष्टी स्पीकरवर बोलायच्या नसतात, म्हणून कागद घेतला. मी सरकारी डॉक्टर आहे, तेव्हा हे पत्र पारावर वाचून दाखवू नका.

आधी आईसाठी. घाबरण्यासारखं सध्या काही नाही. दरवर्षी 2 ते 8 डिसेंबर नक्षल्यांचा पी.एल.जी.ए. सप्ताह, म्हणजे त्यांच्या सशस्त्र सेनेचा आठवडा, असतो. मी रुजू झाले तेव्हा या दिवसांत आतल्या रस्त्यांवर बॅनर लागायचे, गाड्या बंद राहायच्या, ओपीडीत चिटपाखरू नसायचं. यंदा आमच्या भागात तो आठवडा कधी आला नि गेला कळलंही नाही. आणि टीव्हीवर "गडचिरोली" ऐकलं की लगेच फोन करू नकोस. हा जिल्हा केवढा लांबलचक आहे याची तुला कल्पना नाही.

टीव्हीवरचं सांगायचं तर बाबा, संपत आलंय हे खरंच. ऑक्टोबरात त्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवून बाहेर आला. त्याची बायको तारक्का जानेवारीतच आली होती. मे महिन्यात अबूझमाडात त्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला, गेल्या महिन्यात आंध्रात त्यांचा कमांडर हिडमा. नक्षलवाद संपवायला केंद्राने 31 मार्च 2026 ही तारीख दिली आहे. त्या तारखेला कुणी भाषण करेल आणि तुम्ही सोफ्यावरून काहीतरी पुटपुटाल, हेही मला दिसतंय.

पण तुमचा खरा प्रश्न दिवाळीतला होता. "बंदूक धरली नसती तर तिथल्या आदिवासींकडे कुणी पाहिलं असतं का? आपल्या नागनाथअण्णांनीही धरली होतीच की." तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही, नुसती वैतागले. आता देते.

बाबा, अण्णांनी इंग्रजांविरुद्ध धरली. प्रतिसरकारात होते, धुळ्याचा खजिना लुटण्यात होते. पण स्वराज्य आल्यावर दुष्काळी तेरा तालुक्यांच्या पाण्यासाठी त्यांनी काय केलं? आटपाडीला पाणी परिषद भरवली. तुम्ही ट्रकमधून जायचात आणि घसा बसवून परत यायचात. आपल्या सांगोल्यात गणपतराव देशमुख आबा अकरा वेळा निवडून आले, तेही लाल बावट्यावरच. 1972 च्या दुष्काळात तुम्ही खडी फोडलीत. त्या काळात मोर्चे निघाले, कामं मागितली गेली, आणि पुढे 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. आपल्याकडे उपाशी माणसाला शिव्या घालायला तहसीलदार होता, घेराव घालायला आमदार होता. भांडायला सरकार होतं, म्हणून भांडता आलं. आपले लोक स्वभावाने शांत आहेत म्हणून नव्हे, हे तुम्हीही कबूल कराल.

इथे 1980 मध्ये आंध्रातून पीपल्स वॉर या नक्षलवादी संघटनेची पहिली पथकं आली तेव्हा गडचिरोली जिल्हासुद्धा नव्हता, तो 1982 ला झाला. जिल्ह्याचं गाव म्हणजे चंद्रपूर. एटापल्लीच्या आतल्या माडिया आदिवासी माणसाला सरकार म्हणून ठाऊक होता तो फॉरेस्ट गार्ड. लाकूड आणलं तर दंड, जंगल साफ करून धान पेरलं तर दंड, आणि दंडाच्या वर कोंबडी. दलमने, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र पथकाने, गार्डाला वचक बसवला, तेंदूपानाच्या पुड्यांचे दर ठेकेदारांकडून वाढवून घेतले. हे इथली म्हातारी माणसं आजही सांगतात, आणि मी खोडून काढत नाही. इथपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर.

पुढचं तुम्ही ऐकलं नाहीत. गार्डाचा हिस्सा बंद झाला आणि त्यांचा सुरू झाला. ठेकेदार देत राहिला, फक्त घेणारा बदलला. ज्या गावांसाठी लढतो म्हणायचे, त्याच गावांत त्यांनी माणसं मारली, "खबऱ्या" म्हणून. मी रुजू झाले त्या वर्षी अशा एकाच्या शवविच्छेदनाला मला बोलावलं होतं. हे घरी कधी सांगितलं नाही, आईमुळे. चाळिशीचा माणूस. शर्टाच्या खिशात खर्ऱ्याची अर्धी पुडी आणि तेंदूच्या बोनसची पावती, चारदा घडी घातलेली, जपून ठेवलेली. देहाजवळ सापडलेल्या पत्रकात तो जनतेचा शत्रू असल्याचं लिहिलं होतं. त्याचा भाऊ बाहेर उकिडवा बसला होता. तक्रार नाही, रडणं नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, लवकर करून द्या जी, अंधाराच्या आत जंगल पार करायचं आहे." तो पोलिसांना खरंच काही सांगत होता का, मला माहीत नाही. सांगत असला तरी त्या पावतीच्या मालकाला मारून कुठली क्रांती होते, हे मला तुमच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

आणखी एक, डॉक्टर म्हणून. दलममध्ये लग्न करायचं तर आधी पुरुषाची नसबंदी. मूल झालं की चळवळीतून पाय निघतो, म्हणून. शरण आलेल्यांतल्या काहींवर आता सरकारी डॉक्टर ती नस पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया करतात. काहींना मुलंही झाली. या एका गोष्टीपुढे भूमिकांवरच्या चर्चा मला फार पोकळ वाटतात.

म्हणून मी सरकारच्या बाजूची झाले असं समजू नका. (झालेच आहे म्हणा, पगार तिथूनच येतो.) 1990 पासून सी-60 या पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात इथलीच पोरं आहेत, दलममध्येही इथलीच होती. 2009 च्या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा, लाहेरी अशी तीन ठिकाणं पोलिसांच्या कायमची लक्षात राहिली. लाहेरीला एकाच दिवशी सतरा पोलीस मारले गेले. 2018 च्या कसनासूरच्या चकमकीत दुसऱ्या बाजूचे चाळीस. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात तर नक्षल्यांविरुद्ध सलवा जुडूम नावाची मोहीम काढून गावकऱ्यांच्याच हाती बंदुका दिल्या, ते सर्वोच्च न्यायालयाला 2011 मध्ये बंद करायला लावावं लागलं. आपल्या राज्याने तेवढं केलं नाही, याचं श्रेय मी देते.

पण मला कुणी विचारलं की इथे बंदुकीला खरं उत्तर कुणी दिलं, तर मी सी-60 च्या आधी मेंढा-लेखाचं नाव घेईन. धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा तुम्हाला नक्की आवडेल. देवाजी तोफा आणि गावाने वर्षानुवर्षं ग्रामसभा घेतल्या, कागद केले, आणि वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. तरी वनखातं बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. शेवटी 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कायदा संसदेने केलेला, तरी तो पाळला जावा म्हणून दिल्लीचा मंत्री यावा लागला! पण मिळालं, बाबा. एकही गोळी न झाडता.

आता माझी काळजी कुठे आहे ते सांगते. 2023 मध्ये आमच्याच तालुक्यात तोडगट्टाला कितीतरी गावांचे लोक मार्चपासून ठिय्या धरून बसले होते. खाणी नकोत, खाणींसाठीचे रस्ते नकोत, ग्रामसभेला विचारा. पावसाळा त्यांनी तिथेच काढला. नोव्हेंबरात पोलिसांनी ते आंदोलन उठवलं. यामागे नक्षलवादी आहेत, हे म्हणणं तर होतंच. सूरजागडच्या पहाडावर 2016 मध्ये दलमने खाणीची डझनावारी वाहनं जाळली, त्यामुळे पुढे खाणीबद्दल कुणी "नाही" म्हटलं की ते "त्यांचं" बोलणं ठरायला लागलं. गेल्या जुलैत कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं तेव्हा तुम्ही हसत म्हणालात, आता आम्हा म्हाताऱ्या लाल बावटेवाल्यांना उचलणार. तुम्हाला नाही उचलणार. पण त्यातल्या "कडव्या डाव्या" या शब्दांत उद्या तोडगट्टा बसवायला कितीसा वेळ लागेल? दलम गेलं हे फार बरं झालं. आता गावाने "नाही" म्हटलं तर ते गावाचंच आहे, एवढं तरी ऐकून घ्यायला हवं. सांगोल्यात तुमचं ऐकलं जायचं, निदान ऐकल्यासारखं तरी करायचे.

रस्त्यांबद्दल मात्र मी तोडगट्टावाल्यांशी पूर्ण सहमत नाही. पहिल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला खाटेची कावड करून नाल्यापर्यंत आणलं होतं. नाल्याचं पाणी उतरेपर्यंत आम्ही अलीकडे, ती पलीकडे. बाई वाचली, बाळ नाही. आज त्याच बाजूला डांबर आहे आणि माझी रुग्णवाहिका जाते. तो रस्ता कुणाच्या ट्रकसाठी झाला हे मला कळतं, तरी तो उखडा असं माझ्या तोंडून निघणार नाही. या 1 जानेवारीला गर्देवाडा-वांगेतुरीच्या बाजूला पहिली एस.टी. सुरू झाली. गर्दी बघायला हवी होती तुम्ही.

आता आई, ज्यासाठी तू पत्राचा शेवट आधी वाचला असशील ते. विनंती बदलीचा अर्ज मी यंदा भरलेला नाही. कारण फार उदात्त नाही. दुर्गम भागातली सेवा पी.जी.च्या प्रवेशाला धरतात, एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळते, आणि आमच्या दोन सिस्टर इतक्या हुशार आहेत की मी रजेवर गेले तरी केंद्र चालतं. लग्नाचं तू पत्रात लिही, फोनवर नको, काकू ऐकतात.

फेब्रुवारीत दोघं या. तेव्हा ऊन सोसवतं आणि नाले कोरडे असतात. बल्लारशाला उतरा, मी गाडी घेऊन येईन. बाबा, शुगरचा रिपोर्ट फोटो काढून पाठवा, "ठीक आहे" असं नुसतं सांगू नका. आई, येताना ज्वारीचं पीठ आण. इथे तिन्ही त्रिकाळ भात आहे. मेंढा-लेखाला आपण जाऊ, मी आधी निरोप देऊन ठेवते. ग्रामसभा असली तर बाबांना बसू देतील, फक्त मध्ये बोलायचं नाही.

तुमची,
मनू