गूळही दात किडवतो

मुलांच्या डब्यात साखरेऐवजी गुळाचे पदार्थ द्या, असे सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. दातांपुरता हा सल्ला चुकीचा आहे. कोल्हापुरी गूळ आपल्या अभिमानाचा, पण त्यातही बहुतांश सुक्रोज, म्हणजे साखरच असते. शिवाय गुळाची चिक्की दाढांच्या खाचांत चिकटून राहते. तोंडातले जंतू या साखरेचे आम्ल करतात. तोंडातला सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात आणि लाळेला ते आम्ल शमवायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणूनच किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्ले, हे जास्त महत्त्वाचे. चिक्की, लाडू द्यायचेच तर जेवणासोबत द्यावेत. मधल्या सुट्टीत फुटाणे, शेंगदाणे, काकडी किंवा उकडलेले अंडे बरे. (पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात.) रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने पालकांनीच दात घासून द्यावेत. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. नंतर फक्त थुंकावे. खळखळून चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जाते.

– एक दंतवैद्य, कोल्हापूर