तिसऱ्या मजल्यावरच्या आजीला

प्रिय आजी,

पहिल्याच आठवड्यात तू मला बजावलंस, ‘उस्तेद’, म्हणजे स्पॅनिशमधलं आदराचं ‘तुम्ही’, नको, ‘तू’ म्हण. तुमचं ‘तू’ आणि आमचं ‘तू’ एकच निघालं. आमच्याकडेही स्वतःच्या आजीला कुणी अहो-जाहो करत नाही, म्हणून हे पत्रही तसंच लिहितेय.

स्पेनमध्ये, बायादोलिदला आले तेव्हा जो तो नवऱ्याबद्दलच विचारायचा. त्याचं कंत्राट किती वर्षांचं? पुढे त्याचा काय विचार? साताऱ्याहून फोन आला तरी तेच. मी बी.फार्म. झालेय, सहा वर्षं औषधांच्या दुकानात काम केलंय. पण माझं पुढे काय, हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही. निघण्याआधी पुण्यात स्पॅनिशचा क्लास लावला होता. तिथे भविष्यकाळाचे तक्ते घोकून घेतले: आरे, आरास, आरा, म्हणजे करीन, करशील, करील. ही रूपं बोलताना कधी वापरायची, असं विचारलं तर सर म्हणाले, ‘तुम्हाला तिथे घरातच तर राहायचंय.’ ते वाक्य अजून टोचतं.

आणि मग ती जानेवारीतली सकाळ. इमारतीच्या आतल्या चौकात समोरासमोर आपल्या खिडक्या. तू कपडे वाळत घालत होतीस. तोंडातला चिमटा काढलास आणि विचारलंस, ‘इ तू, के बास आ आथेर?’ आणि तू, तू काय करणार आहेस?

मला शब्द सापडेनात. तक्त्यातलं ‘आरे’ आठवलं, पण तू तर ‘बास आ’ म्हणाली होतीस. आमच्या ‘करणार आहेस’सारखं, साधं, रोजचं. तू ओली चादर हातात धरून तशीच उभी राहिलीस. पाणी खाली ठिबकत होतं, थंडीने तुझी बोटं लाल झाली होती. माझं वाक्य तू पुरं केलं नाहीस, की ‘असू दे’ म्हणाली नाहीस. शेवटी मी म्हटलं, ‘बोय आ त्राबाखार.’ मी काम करणार आहे. तू कौतुक केलं नाहीस. विचारलंस, ‘कुठे?’ मग चादर दोरीवर टाकलीस.

आजी, त्या ‘कुठे’ने मला उभं केलं. चादर हातात धरून थांबायला पदवी लागत नाही, समोरचं माणूस आपल्याइतकंच खरं वाटावं लागतं. असं वाटणारी माणसं मला फार थोडी भेटली.

पुढचं सगळं तुझ्याच स्वयंपाकघरात शिकले. ‘के ओरा सेरा?’ म्हणजे ‘किती वाजले असतील?’ तिथे भविष्यकाळ नुसत्या अंदाजाला, अगदी आमच्या ‘असेल’सारखा, हे कळलं तेव्हा मी टेबलावर हात आपटून हसले होते. पावाच्या कागदी पिशवीवर तू लिहून दिलेलं ‘क्वांदो तेर्मिनेस एल कुर्सो’ अजून फ्रिजवर आहे, ‘तेर्मिनेस’मधल्या ‘ने’खाली दोनदा रेघ ओढलेलं. आम्ही म्हणतो ‘कोर्स संपला की’, न झालेल्या गोष्टीला झालेल्याचं रूप देतो. तुम्ही ‘तेर्मिनास’चं ‘तेर्मिनेस’ करता. ते रूप आता माझ्या तोंडून न चुकता येतं.

फार्मसी सहायकाच्या कोर्सचं एक वर्ष उरलंय. काल जिन्यात तू पुन्हा विचारलंस, कोर्स संपला की काय करणार? घाईत होते, नीट बोलता आलं नाही. रविवारी येते सांगायला. चादर मी वाळत घालीन, तू खिडकीशी बसून ऐक.

तुझी,
समोरच्या खिडकीतली