एन्झाइमच्या कॅप्सूलने गालातली जखम बरी होत नाही

महोदय,

पेशी मारणारे एन्झाइम तोंडाच्या कर्करोगात कमी पडते, म्हणून ते कॅप्सूलमधून घ्यावे, अशा आशयाचा मजकूर आपल्या पुरवणीत वाचला. गुटखा तोंडात धरून वाचणाऱ्याला हे सोयीचे वाटेल, पण खरे नाही.

या एन्झाइमांना कॅस्पेस म्हणतात. ती पेशीत आधीपासूनच असतात, मिटलेल्या कात्रीसारखी. पेशीच्या पृष्ठभागावर मरणाचा संदेश आला की कॅस्पेस-8 चे रेणू एकत्र येऊन एकमेकांना कापतात आणि जागे होतात. आतच बिघाड झाला तर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन गळते आणि कॅस्पेस-9 कामाला लागते. दोन्ही वाटा कॅस्पेस-3 पाशी येतात. ते पेशीचा सांगाडा कापते, डीएनएचे तुकडे पाडणाऱ्या एन्झाइमला मोकळे करते. पेशी आक्रसते, तिचे तुकडे शेजारच्या पेशी गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही.

कर्करोगात बहुधा कात्री संपलेली नसते, खटका अडकलेला असतो. पेशीतला बिघाड ओळखणारे पी-53 हे प्रथिन बिघडले की आतला इशाराच निघत नाही. एक्सआयएपीसारखी प्रथिने जागे झालेले कॅस्पेस-3 धरून ठेवतात. गाल-हिरडीच्या कर्करोगावरील 2013 च्या भारतीय अभ्यासात तर कॅस्पेस-8 च्या जनुकातच बदल आढळले. गिळलेले एन्झाइम पोटात इतर प्रथिनांसारखे पचते. गालाच्या पेशीत शिरून खटका कसा सोडवणार?

काही बायोप्सीच्या (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीच्या) रिपोर्टांत कॅस्पेस-3 ‘पॉझिटिव्ह’ दिसते, तेही जपून वाचावे. त्यासाठी तुकड्यावर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते रंगाने दाखवणारा रेणू, वापरतात. साधी अँटिबॉडी झोपलेले आणि जागे, दोन्ही दाखवते. कापले गेलेले कॅस्पेस-3 ओळखणारी अँटिबॉडी वेगळी असते. शिवाय सडलेल्या भागावर रंग उगाच चढतो. म्हणून तुकडा जखमेच्या मधून नव्हे, कडेवरून, थोडी निरोगी त्वचा धरून घ्यावा आणि लगेच 10 टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात), तुकड्याच्या निदान दहापट द्रवात बुडवावा. सलाइनच्या बाटलीत रात्रभर राहिलेला तुकडा स्वतःच्याच पाचक एन्झाइमांनी विरघळू लागतो. तोही पेशीमृत्यूच, पण निदानाच्या काही उपयोगाचा नाही. आणि आज उपचार ठरतो तो गाठीचा आकार, खोली व मानेतल्या गाठींवरून. कॅस्पेसच्या आकड्यावरून नव्हे.

मध्य प्रदेशात 1 एप्रिल 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतातच, टपरीवाला हवे तर मिसळूनही देतो. त्यातली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा गालावरचा पांढरा-लाल चट्टा वा छाला तीन आठवड्यांत बरा झाला नसेल, तर कॅप्सूल विकत न घेता दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी आणि तुकडा काढायला सांगितला तर टाळू नये.

— मुखविकृतिशास्त्राचे दोन अध्यापक, इंदूर